घरबसल्या ऑनलाइन व्यवसाय : कर्जत-खालापूरकरांच्या शंका आणि त्यांची उत्तरे

कर्जत स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस रेल्वेने १०० किलोमीटरवर आहे. खोपोलीहून निघणाऱ्याला त्यात आणखी सुमारे १५ किलोमीटरची भर घालावी लागते. रोज पहाटेची लोकल गाठणाऱ्या नोकरदाराचे चार-पाच तास येण्याजाण्यातच जातात. लहान मूल किंवा आजारी वडीलधारे घरी असलेल्या स्त्रीला तर ही नोकरी अनेकदा सोडूनच द्यावी लागते. अशा घरांतून 'घरूनच काही करता येईल का' हा विषय वारंवार निघतो. हाताला चव असते, शिवणकाम येत असते, मोबाइलही असतो. तरीही बोलणे पुढे सरकत नाही. परवाना कोण काढणार, जीएसटी भरावा लागेल का, पार्सल न्यायला माणूस इथवर येईल का, माल परत आला तर काय, आणि मुळात आपले विकत घेणार कोण, या प्रश्नांपाशी गाडी अडते.

या शंका खुळ्या नाहीत. मात्र त्या सगळ्या एकाच जातीच्या नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे. काहींचे उत्तर कायद्यात किंवा टपाल खात्याच्या दरपत्रकात लिहून ठेवलेले असते. एखाद्या दुपारी बसून ते पाहता येते. काहींचे उत्तर २० पाकिटे प्रत्यक्ष विकल्याशिवाय कोणीच देऊ शकत नाही. पहिल्या जातीच्या शंकांवर महिनोन्महिने चर्चा करायची आणि दुसऱ्या जातीच्या शंका भाऊजींना विचारून मिटवायच्या, असा उलटा प्रकार बहुतेक घरांत चालतो.

कागदपत्रांचे ओझे किती?

सर्वाधिक भीती परवान्यांची असते. कर्जत-खालापूर पट्ट्यात घरगुती व्यवसाय म्हटला की बहुधा खाद्यपदार्थच डोळ्यांपुढे येतात. आगरी-कोळी मसाला, भाजणी, मेतकूट, पापड-कुरडया, लोणची, दिवाळीचा फराळ. खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू होतो, आणि घरातल्या स्वयंपाकघरालाही त्यातून सूट नाही. ओळखीच्या बायकांच्या गटातच विकते, म्हणून नोंदणी नको, हा समज चुकीचा आहे.

पण ही नोंदणी वाटते तितकी अवघड नाही. २०११च्या नियमांनी लहान व्यावसायिकांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली. वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये असे तेव्हा ठरले. या मर्यादा आणि शुल्क बदलू शकत असल्याने अर्ज भरण्याच्या दिवशी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ते पाहून घ्यावे. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. छायाचित्र, ओळखपत्र आणि जागेचा तपशील एवढ्यावर काम होते. अर्ज आल्यापासून सात दिवसांत तो मंजूर करणे, कारण देऊन नाकारणे किंवा तपासणीची सूचना देणे, असे अधिकाऱ्यावर बंधन या नियमांनी घातले आहे. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो.

पाकिटावरील मजकुराकडे मात्र नवखे उद्योजक हमखास दुर्लक्ष करतात. सुबक नाव, फुलांची वेलबुट्टी आणि खाली मोबाइल क्रमांक एवढेच लेबल पुरेसे नाही. पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत वापरावे, सर्व करांसह कमाल किंमत, तयार करणाऱ्याचे नाव व पत्ता, तक्रारीसाठी संपर्क आणि शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह हे सारे त्यावर असावे लागते. यातला काही भाग अन्नसुरक्षा कायद्याचा, तर काही वैधमापन नियमांचा आहे. वजनाचा काटाही वैधमापन विभागाची मुद्रा असलेलाच लागतो; स्वयंपाकघरातला खेळण्यासारखा काटा चालत नाही.

'उद्यम' ही केंद्र सरकारची सूक्ष्म उद्योगांची नोंदणी १ जुलै २०२० पासून आधार क्रमांकावर होते आणि ती पूर्णपणे विनामूल्य आहे. जीएसटी नोंदणीलाही सरकारी शुल्क नाही. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की नोंदणी करून देतो म्हणून दोन-तीन हजार रुपये घेणारे मध्यस्थ सर्वत्र आहेत, आणि सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी पानेही बरीच आहेत. फॉर्म भरून देण्याची मजुरी कोणी घेतली तर त्याला हरकत नाही. मात्र ती मजुरी आहे, सरकारी फी नव्हे, हे माहीत असलेले बरे.

जीएसटी : कोल्हापूर आणि बेळगाव यांतला फरक

आता सर्वांत जास्त गोंधळ असलेला विषय. वस्तू विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी सक्तीची नाही; १ एप्रिल २०१९ पासून ही मर्यादा लागू झाली. सेवा देणाऱ्यांसाठी ती २० लाख आहे. घरगुती व्यवसायाला पहिली काही वर्षे या आकड्याच्या जवळपासही जाता येत नाही. मग शंका उरते कोठे? ती 'ऑनलाइन' या शब्दात आहे. २०१७चा मूळ कायदा असा होता, की ई-कॉमर्स कंपनीच्या संकेतस्थळावरून माल विकणाऱ्याने उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी केलीच पाहिजे. असंख्य छोटे विक्रेते या एका अटीपाशी थांबले. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट सैल झाली. फक्त आपल्याच राज्यात माल पाठवणाऱ्या आणि मर्यादेच्या आतील विक्रेत्याला आता पॅनच्या आधारे एक नावनोंदणी क्रमांक घेऊन अशा संकेतस्थळांवर विक्री करता येते. जुनी माहिती मात्र अजूनही फिरते आणि माणसे तिलाच घाबरतात.

राज्याबाहेरचा प्रश्न मात्र खरा आहे. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली, की उलाढालीची मर्यादा आड येत नाही. पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते. खोपोलीहून कोल्हापूरला मसाला पाठवला तर तो राज्यांतर्गत व्यवहार. तेच पार्सल पुढे तासा-दोन तासांच्या अंतरावर बेळगावला गेले, की आंतरराज्य. गोवा, इंदूर, बडोदे येथील मराठी कुटुंबे हे या मालाचे हक्काचे ग्राहक, पण ती पायरी नोंदणीनंतरची. यालाही अपवाद आहेत. पापड करमुक्त आहे, त्यामुळे केवळ करमुक्त वस्तूच विकणाऱ्यास नोंदणीची गरज नाही. अधिसूचित हस्तकला वस्तूंना काही अटींवर आंतरराज्य विक्रीतही सवलत मिळते. बांबूकाम किंवा हाताने रंगवलेल्या वस्तू करणाऱ्यांनी ती यादी अवश्य पाहावी.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवरील जमा रकमांच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या. त्यानंतर बंगळुरूत अनेक दुकानांतून क्यूआर कोड उतरले. त्या बातम्यांनी येथील घरांतही धास्ती निर्माण केली. नोटिसांचा संबंध उलाढालीच्या मर्यादेशी होता. व्यवसायासाठी वेगळे बँक खाते ठेवले, तर नणंदेने पाठवलेले भिशीचे पैसे आणि मसाल्याचे पैसे एकत्र होत नाहीत आणि पुढचे बरेच स्पष्टीकरण वाचते. एवढी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करावी.

पाऊस, पार्सल आणि पिनकोड

मुंबईच्या वाचकाला पार्सलची शंका किरकोळ वाटेल. कर्जत ४१०२०१, खालापूर ४१०२०२, खोपोली ४१०२०३, नेरळ ४१०१०१ असे पिनकोड असले, तरी एकाच पिनकोडमध्ये स्थानकालगतची इमारत आणि डोंगरातली वाडी दोन्ही येतात. कुरिअर कंपन्यांच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की तेथून माल उचलला जातो की केवळ पोहोचवला जातो, हे कळते. उचलणे आणि पोहोचवणे या दोन वेगळ्या सेवा आहेत. घरी पार्सल येते म्हणजे घरून पार्सल जाईलच असे नाही. गावात माल उचलायला कोणी येत नसेल तर टपाल कार्यालय हा भरवशाचा मार्ग उरतो. मात्र रोज कर्जतला खेप घालायची की आठवड्यातून दोन दिवस ठरवायचे, हे ग्राहकाला आधीच सांगितले पाहिजे. 'मंगळवारी आणि शुक्रवारी माल निघतो' असे स्पष्ट लिहिले तर त्यात कमीपणा नाही.

भाडे केवळ वजनावर ठरत नाही, ही गोष्ट अनेकांना पहिले बिल पाहून कळते. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकाराला ५,००० ने भागतात. येणारा आकडा किलोत धरतात आणि तो प्रत्यक्ष वजनाहून जास्त असेल तर भाडे त्यावर लागते. ही कुरिअर व्यवसायातली सर्रास रीत आहे. पापड मोडू नयेत म्हणून २५ बाय २५ बाय १२ सेंटिमीटरचा ऐसपैस खोका घेतला, तर आत ८०० ग्रॅम पापड असूनही भाडे दीड किलोचे द्यावे लागते. मसाल्याच्या धंद्यात हा प्रश्न नाही. म्हणून पापड-कुरडया जवळच्या ग्राहकाला आणि मसाला, मेतकूट लांबच्या ग्राहकाला, अशी विभागणी सुरुवातीला शहाणपणाची ठरते.

उरतो पाऊस. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या दोन तालुक्यांत जून ते सप्टेंबर वाळवणाचे नावच घ्यायला नको. हवेतल्या दमटपणाने भाजणीला वास येतो, चकली दोन दिवसांत मऊ पडते, वीज जाते, घाटात वाहतूक अडते. ही अडचण जुनीच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यातूनच पुढे 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही संस्था उभी राहिली. पहिल्या वर्षी या महिलांना पावसाळ्याचे चार महिने काम बंद ठेवावे लागले, कारण पापड वाळेनात. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह. पहिल्या वर्षाची त्यांची एकूण विक्री ६ हजार १९६ रुपये होती. तेव्हाच्या पैशाचे मोल वेगळे होते हे खरे, तरी सात जणींमध्ये विभागल्यास ही रक्कम कोणाचेही घर चालवणारी नव्हती. या संस्थेची आणखी एक गोष्ट सांगितली जाते. आरंभी दोन प्रतींचे पापड करण्याचा विचार होता, एक चांगला आणि एक स्वस्त. त्यांना पाठबळ देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी दर्जात तडजोड करू नका, असा सल्ला दिला आणि स्वस्त प्रत बंद झाली.

आज खाट-स्टोव्हच्या जागी वाळवणयंत्रे मिळतात, पण पहिल्याच वर्षी यंत्र घेण्याची घाई नको. मार्च ते मे या काळात वाळवण आणि मसाले करून ठेवायचे, पावसाळ्यात शिवणकाम, शिकवण्या यांसारखी दमटपणाशी संबंध नसलेली कामे घ्यायची, आणि गणपतीनंतर दिवाळीची तयारी, असे वर्षाचे वेळापत्रक येथील हवेला साजेसे आहे.

आपले विकत घेणार कोण?

मुंबईत सर्व काही मिळत असताना कर्जतचा मसाला कोण घेईल, ही शंका ऐकायला बिनतोड वाटते. शेजारच्या पेण तालुक्याकडे पाहावे. पेणचे पोह्याचे पापड आणि पेणच्या गणेशमूर्ती ही मूळची घराघरांत होणारी कामे. मुंबईत पापडांची आणि मूर्तिकारांची कधीच वाण नव्हती, तरी 'पेणचा' हा शब्द ग्राहकाला पुरतो. कर्जत-खालापूरला असे नाव अद्याप नाही. कर्जतचे नाव शेतीच्या जगात मात्र मोठे आहे. येथील भात संशोधन केंद्राने काढलेली 'कर्जत' आणि 'सह्याद्री' मालिकेतील वाणे दूरवर लावली जातात. ग्राहकांच्या दृष्टीने पाहता येथे वेगळीच एक सोय आहे. माथेरानला जाणारे पर्यटक, महडच्या वरदविनायकाचे भाविक, पावसाळ्यात धबधब्यांवर येणारी गर्दी आणि शनिवार-रविवार शेतघरांत राहणारी कुटुंबे. ही माणसे एकदा चव घेऊन जातात. त्यांच्या हातात पाकिटासोबत नाव-क्रमांकाची चिठ्ठी पडली तर पुढची मागणी मोबाइलवर येऊ शकते. प्रत्यक्ष चाखलेल्या मालाची ऑनलाइन विक्री ही अनोळखी मालाच्या विक्रीहून कितीतरी सोपी असते.

मोठ्या संकेतस्थळांवर लगेच उडी घेण्याचे कारण नाही. तेथे कमिशन, परत येणारा माल आणि जाहिरातीचा खर्च असतो. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना सांगितले, की ग्राहकाच्या हाती पडताना पदार्थाची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. पंधरा दिवस टिकणाऱ्या बेसन लाडवांना ती वाट जवळजवळ बंदच समजावी. व्हॉट्सअॅपचे व्यवसायासाठीचे अॅप भारतात जानेवारी २०१८ मध्ये आले. त्यात वस्तूंची सचित्र यादी लावता येते आणि सुरुवातीला तेवढे दुकान पुरते. पैसे आधी घ्यावेत. 'माल मिळाल्यावर पैसे' या पद्धतीत ग्राहकाने पार्सल नाकारले, तर जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे विक्रेत्याच्या अंगावर पडते.

खरी शंका हिशेबाची

आता त्या शंकेकडे येऊ, जी फारशी कोणी काढत नाही आणि काढली पाहिजे. समजा, पाव किलो मसाल्याला कच्चा माल १०५ रुपये, दळण-कांडप १०, पिशवी व लेबल १२, खोका व चिकटपट्टी १० आणि पार्सल ६० रुपये. बेरीज १९७ होते. घरपोच २०० रुपयांना विकला तर तीन रुपये नफा दिसतो आणि बाईंना वाटते, निदान तोटा तरी नाही. २० पाकिटांना सहा तास लागले असतील आणि तासाला अवघे ६० रुपये धरले, तर पाकिटामागे मजुरी १८ रुपये होते. म्हणजे प्रत्येक पाकिटाला १५ रुपयांचा तोटा.

हाच मसाला २०० ग्रॅमच्या पाकिटात भरून एका पार्सलात दोन पाकिटे पाठवली, की चित्र बदलते. पाकिटामागे कच्चा माल ८४, दळण-कांडप ८, पिशवी व लेबल १२, मजुरी १८, असे १२२ रुपये. दोन पाकिटांचे २४४. खोक्यासह वजन अर्ध्या किलोच्या आत राहते, म्हणून भाडे तेच ६० आणि खोका १०. एकूण ३१४. दोन पाकिटे १८० रुपये दराने ३६० ला गेली तर मजुरी सुटून ४६ रुपये उरतात. आकडे प्रत्येकीचे वेगळे येतील. स्वतःची मजुरी त्यात धरायची की नाही, याबद्दल मात्र दुमत असू नये. घरच्या बाईचे श्रम फुकट धरण्याची सवय स्वयंपाकघरातून धंद्यात आली की तो धंदा चालत असल्यासारखा दिसतो आणि सहा महिन्यांत बंद पडतो. भाव जास्त आहे म्हणणारे ओळखीचे लोक दहा भेटतील. त्यांच्यासाठी किंमत उतरवू नये.

त्यामुळे पहिला प्रयोग लहानच असावा. एक पदार्थ, २० पाकिटे, एक महिना. त्यातली किमान निम्मी पाकिटे नात्यागोत्याबाहेर जायला हवीत, कारण मावशी चवीची तक्रार करत नाही. महिन्याअखेर किती जणांनी पुन्हा मागणी केली, हा एकच आकडा पाहावा. या टप्प्यावर कर्ज नको. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकते, पण ते दुसरी खेप विकली गेल्यानंतर.

बिनभांडवली धंद्याची जाहिरात

फसवणुकीच्या शंकेला मात्र कोणीही 'उगाच घाबरता' म्हणू नये. घरबसल्या पेन्सिल भरण्याचे काम, व्हिडिओ पसंत करून रोज हजार रुपये, अशा जाहिरातींत एक खूण समान असते. काम देणाराच आधी पैसे मागतो. विक्री सुरू झाल्यावर फसवणुकीचे रूप बदलते. मोठी मागणी नोंदवणारा, अनेकदा स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवणारा ग्राहक पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड धाडतो आणि पिन टाकायला सांगतो. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. पैसे भरल्याचे चित्र आले तरी बँकेच्या खात्यात रक्कम दिसेपर्यंत माल हलवू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

मदत कोठे मिळेल?

ग्रामीण भागातील बचत गटांच्या महिलांनी कर्जत किंवा खालापूर पंचायत समितीतील 'उमेद' अभियानाच्या कक्षात चौकशी करावी. 'उमेद'तर्फे गटांच्या मालासाठी ऑनलाइन विक्रीची सोय आहे आणि मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गाळे मिळतात. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', १९७५ पासून याच क्षेत्रात काम करते. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि गटातील सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद होती. ती सध्या कोणत्या स्वरूपात चालू आहे, हे कृषी विभागाच्या तालुका कार्यालयात विचारावे. जिल्हा उद्योग केंद्र अलिबागला आहे. कर्जतहून तेथे जाऊन येण्यात दिवस मोडतो, तेव्हा आधी दूरध्वनी करून कोणती कागदपत्रे लागतील याची यादी घ्यावी आणि मगच एसटीत बसावे.